दाढेला टोपी

यंदाच्या संक्रांतीला सासूबाईंनी पाठवलेल्या तिळाच्या लाडवावर माझी खालची उजवी दाढ तुटली. हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतोय. घरी, ऑफिसात आणि दवाखान्यातसुद्धा मी 'भेळेतला फुटाणा' असंच सांगितलंय. लग्नाला 22 वर्षं झाली की कशाला फुटाणा म्हणायचं ते माणसाला कळतं.

डॉक्टरबाईंनी तोंडात आरसा फिरवला. "यात जुनी चांदी भरलीय. दाढ आतून कधीचीच तडकली असणार. फुटाण्याचं फक्त निमित्त झालं."

म्हणजे सासूबाई निर्दोष! पण ही बातमी सांगायची कोणाला? त्यांच्यावर खटलाच भरलेला नव्हता, तर निर्दोष सुटल्याचे पेढे कुठे वाटणार?

रूट कॅनालच्या तीन फेऱ्या झाल्या. त्याबद्दल लोक उगाच घाबरवतात. मला तर खुर्चीत डुलकी लागली होती. ठणका थांबला, मी पाकीट काढलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता वर कॅप बसवायची."

दुखणं संपल्यावर टोपी? आपल्याकडे टोपी घालणे म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझा चेहरा वाचून बाईंनी समजावलं, की नस काढलेली दाढ आतून कोरलेली असते, भिंती तेवढ्या उरतात. चावताना त्या बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात आणि एक दिवस दाढ उभी चिरते. अशी चिरली की मग बहुतेक वेळा उपटावीच लागते. कॅप तिला चहूबाजूंनी धरून ठेवते. मला आजोळच्या बैलगाडीचं चाक आठवलं. लाकूड फाकू नये म्हणून लोहार त्यावर लोखंडी धाव चढवायचा. म्हटलं, चढवा.

मग प्रकार निवडायचे होते. नुसत्या धातूची, धातूवर सिरॅमिकची, नाहीतर झिरकोनियाची. शेवटचीचा भाव 9,000, सोबत 10 वर्षांचं वॉरंटी कार्ड. झिरकोनिया म्हणजे झिरकोनियमचं ऑक्साइड. अमेरिकन डायमंडचे खडे त्याचेच असतात, फक्त स्फटिकांची रचना वेगळी. हे मी घरी मोठ्या हौसेनं सांगितलं. "मला कुड्या घ्यायच्या म्हटलं की तुला लाइट बिल आठवतं," एवढंच उत्तर आलं. आजोबांचा एक सोन्याचा दात होता, समोरचा. पाहुणे आले की ते विनाकारण हसत. माझा ऐवज मात्र असा जागी, की दाखवायचा तर समोरच्याला टॉर्च धरावा लागणार.

रंग जुळवायला बाईंनी छोट्या छोट्या दातांची एक पट्टी गालाशी धरली. 16 छटा. "तुमचा ए थ्री." 'ए' ऐकून मी खूश. चौकशी केली तर ए म्हणजे तांबूस-तपकिरी घराणं, आणि आकडा वाढेल तसा रंग गडद. थोडक्यात, चहा.

मग घासकाम. ही दाढ मी 40 वर्षं रोज घासत आलो. बाईंनी 20 मिनिटांत ती कायमची घासली. वरून दीडेक मिलिमीटर, कडेनंही सगळीकडून, कारण टोपीला जाडी असते आणि तिला जागा लागते. जीभ लावून पाहिली तर दाढेच्या जागी एक खुंटी. माप घ्यायला त्यांनी दोन रंगांचे गोळे घेतले आणि रंग एक होईपर्यंत पुरणाच्या कणकेसारखे मळले. तो गोळा तोंडात बसला आणि पाहता पाहता घट्ट झाला. (लाडवापेक्षा कमीच.)

आठवडाभर तात्पुरती कॅप मिरवली, मग खरी आली. सिमेंट लावण्याआधी बाईंनी निळा कागद दातांत धरायला दिला. "चावा. आता बाजूला घासा." जिथे निळा ठिपका गडद उठतो तिथे कॅप उंच. यंत्र फिरवायचं, पुन्हा कागद. "आता कसं वाटतंय?" हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. बधिर झालेल्या तोंडाला स्वतःचं मत नसतं. पाचव्यांदा विचारल्यावर मी भिडेखातर "छान" म्हणालो. त्या भिडेपायी तीन दिवस प्रत्येक घासाला ती दाढ इतरांआधी पोचत होती, पंगतीत आधीच जेवायला बसणाऱ्या पाहुण्यासारखी. शेवटी परत गेलो. आणखी एक ठिपका, दहा सेकंदांचं काम. निघताना बाई म्हणाल्या, "कॅप किडत नाही, पण कडेला खालचा दात किडतो. हिरडीपाशी नीट ब्रश करा."

पाडव्याला सासूबाई आल्या. बायकोनं त्यांना सगळं आधीच सांगितलेलं. त्यांनी मला गॅलरीत उजेडात नेलं, चष्मा सरसावला. मी 'आ' केला.

"यातली नवी कुठली हो? सगळ्या सारख्याच पिवळ्या दिसतायत."

शेड तंतोतंत जुळली होती. मी तोंड मिटायच्या आत त्यांनी पिशवीतून डबा काढला. संक्रांतीचे चार लाडू उरले होते, जावयासाठी जपून ठेवलेले. दोन महिन्यांत त्यांची काय अवस्था झाली असेल ते डबा टेबलावर ठेवताना आलेल्या आवाजावरून कळलं. मी एक उचलला आणि गुपचूप डावीकडे सरकवला.

"खा बिनधास्त," सासूबाई म्हणाल्या. "फक्त ते फुटाणे तेवढे सोडा आता."