शेपटीवर बसलेलं मिग

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाचा निरोप समारंभ झाला. तो टीव्हीवर बघताना मला आठवलं, आपलं मिग अजून माळ्यावरच आहे. कॉलेजात असताना घेतलेला प्लॅस्टिकचा संच, १/७२ प्रमाणाचा. हवाई दलानं १९६३पासून ६२ वर्षं हे विमान वापरून निवृत्तसुद्धा केलं, आणि माझ्या खोक्याची दोरीही सुटली नव्हती.

सोडली. वीतभर विमान आणि पन्नासेक भाग. साचा झिजलेला असावा, कारण प्रत्येक भागाला प्लॅस्टिकची झालर फुटलेली. ती कापून, भागांवरचा साच्याचा तेलकटपणा जावा म्हणून साबणाच्या पाण्यात धुवायचं असतं. धुतलं. एका चाकाचं झाकण बेसिनच्या जाळीतून गेलं.

धडाच्या दोन फाकी वरून दाबल्या की खालून उघडायच्या. शेवटी गोंद लावून कपड्यांचे सगळे चिमटे अडकवले. बाल्कनीतला टॉवेल खालच्या मजल्यावरच्यांकडे उतरला. त्या आठवड्यात आमच्या घरातून झालेलं यशस्वी उड्डाण तेवढं एकच.

मग ती पाण्यात सोडून चिकटवायची चित्रं. पिवळी पडली असतील तर खिडकीच्या काचेला लावून ऊन दाखवतात. आठवडाभर लोणच्याच्या बरणीशेजारी दाखवलं. पिवळेपणा गेला, पण त्याबरोबर जीवही गेला असावा. हवाई दलाचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ पाण्यात पडताच विरघळल्यासारखं फुटलं. हिरवा ठिपका पंखावर बसला, केशरी कडं माझ्या अंगठ्यावर. कॉकपिटच्या काचेला झटपट गोंदाची वाफ लागून मोतीबिंदू झाला. आत मी तीन रात्री जागून रंगवलेला वैमानिक आहे, पण आता तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

एवढं झाल्यावर मामांना बोलावलं. मामा ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात, फिटर होते. तिथंही सुरुवातीची मिग रशियाहून आलेल्या सुट्या भागांतूनच जोडली होती, त्यामुळे त्यांना या प्रकाराचं फारसं अप्रूप नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विमान हातात घेतलं, नाकातल्या सुळक्यावर टिचकी मारली.

"नाकात वजन घातलंस का रे?"

"कसलं वजन?"

"खऱ्याच्या सुळक्यात रडार असतं. तुझ्या काय आहे?"

"हवा."

मामांनी विमान टेबलावर ठेवलं. पुढचं चाक हळूच उचललं गेलं, आणि दारातल्या कुत्र्यासारखं ते शेपटीवर बसलं. सूचनापत्रिकेत नाकाशी एक काळा गोळा काढला होता खरा. मी तो छपाईचा डाग समजलो होतो. नाक आता कायमचं चिकटलेलं.

"शेपटीखाली काहीतरी सरकव," मामा म्हणाले आणि चहाकडे वळले.

देव्हाऱ्यातली काडेपेटी बरोबर त्या मापाची निघाली. आता दिवसभर मिग शोकेसमध्ये तीन चाकांवर रुबाबात उभं असतं. तिन्हीसांजेला बायको निरांजन लावायला काडेपेटी घेऊन जाते, तेव्हा टुक्क असा आवाज येतो.