तपकिरी डाग दिसला की लिव्हर खराब? हा मेसेज पुढे पाठवू नका

सांगली-मिरजेकडच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय: बुबुळाजवळ तपकिरी डाग किंवा कडं दिसलं म्हणजे लिव्हरमध्ये तांबं साठलंय; तांब्याच्या हंड्यातलं पाणी बंद करा, डोळ्यात मध घाला, डाग जातो.

‘तपकिरी म्हणजे तांबं.’ विल्सनच्या आजारात, म्हणजे शरीरात तांबं साठत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात, ते डोळ्यातही साठतं, हे खरं. पण ते बुबुळावरच्या पारदर्शक पटलाच्या आतल्या थरात, अगदी कडेला साठतं. आधी वर, मग खाली, शेवटी गोल कडं. सुरुवातीला ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्पखालीच (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखालीच) दिसतं, आरशात नाही. विल्सनच्या ज्या रुग्णांचं फक्त लिव्हर बिघडलेलं असतं, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत तर ते नसतंच. म्हणून रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासतात.

पांढऱ्या भागावर, बुबुळाला लागून असलेले सपाट तपकिरी ठिपके सावळ्या माणसांत सर्रास असतात. दोन्ही डोळ्यांत, वर्षानुवर्षं तसेच. एकाच डोळ्यात नवा डाग उठला, पसरू लागला, जाड झाला, तर मात्र कॅन्सरची शंका घ्यावी लागते. कुपवाडच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण रुतला, तर त्याभोवती गंजाचं कडं धरतं. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांच्या पटलावरही तपकिरी रेषा उमटतात. नजरेला सहसा धोका नसतो. असा मेसेज वाचून ती गोळी परस्पर बंद करू नका, जिवावर बेतेल.

‘हंड्यातल्या पाण्यामुळे होतं.’ विल्सनच्या रुग्णाला तांब्याची भांडी टाळायला सांगतात, पण आजार येतो आईवडील दोघांकडून मिळालेल्या सदोष जनुकामुळे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, त्यात ही शक्यता वाढते. एका मुलाला आजार निघाला तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता २५ टक्के. हंडा माळ्यावर टाकून भावंडांची तपासणी राहिली, तर औषधाने आवरणारा आजार हातचा जातो.

‘मध घाला.’ आतल्या थरातलं तांबं वरून घातलेल्या कशानेही निघत नाही. मला खरी भीती ऊसतोडीच्या दिवसांची वाटते. उसाचं पान डोळ्याला लागतं, जखमेत बुरशी शिरते. काही बुरशींचा रंगच तपकिरी-काळा, त्यामुळे जखमेवर तपकिरी थर दिसतो आणि लोक त्याला ‘डाग’ समजतात. अशा डोळ्यात घरातला, निर्जंतुक नसलेला मध घालू नका. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब त्याहून वाईट. बुरशी फोफावते, पटलाला भोक पडू शकतं. दुखरा, लाल डोळा त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.