‘एक तरी प्रबंध दाखवा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

निसर्गोपचार आणि वनौषधींवर महाविद्यालयांत चालणाऱ्या संशोधनाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिच्यात राग आहे, पण अभ्यासही आहे; म्हणून नुसते आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या वनस्पतीत दम होता तिचं औषध कधीच झालं, उरला तो पालापाचोळा. कॉलेजातले प्रबंध म्हणजे तीस रुग्ण आणि शेवटी ठरलेला शब्द, ‘सिग्निफिकंट’ (म्हणजे लक्षणीय गुण आला). मातीच्या पट्टीला प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी द्यायचा हुबेहूब खोटा उपचार, कुठून आणणार? आणि अशा विषयाला प्रयोगशाळा दिली की त्याला फुकटची प्रतिष्ठा मिळते. शेवटी तुमचं आव्हान: ‘उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष काढणारा एक तरी प्रबंध दाखवा.

प्रबंधांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझा स्वतःचा पदव्युत्तर प्रबंध तसाच होता. गुडघेदुखीवर एक लेप, तीस रुग्ण, सहा आठवडे, कंट्रोल ग्रुप, म्हणजे लेप न दिलेला तुलनेचा गट, नाही. जवळजवळ सगळ्यांचं दुखणं कमी झालं आणि मी तो ठरलेला शब्द लिहिला. गुडघेदुखीला भरती-ओहोटी असते, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माणूस ओपीडीची पायरी चढतो तो दुखणं अगदी सोसवेनासं झाल्यावर. म्हणजे आमचं पहिलं रीडिंगच भरतीच्या दिवशीचं. सहा आठवड्यांनी, काहीही न देता विचारलं असतं, तरी बहुतेकांचा आकडा खाली आला असता. शिवाय दर आठवड्याला कुणीतरी समोर बसवून, गुडघ्याला हात लावून ‘आता कसं वाटतंय?’ असं विचारत होतं, त्याचाही गुण असतोच. या सगळ्यात लेपाचा वाटा किती, हे कळायला त्या प्रबंधात वाटच ठेवलेली नव्हती. तोंडी परीक्षेत मला हे कुणीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्यामुळे आज माझ्या हाताखाली काम करणाऱ्यांना तुलनेचा गट असल्याशिवाय मी आराखडाच मंजूर करत नाही. रुग्णसंख्या आधी गणित करून ठरवायची. मुख्य मोजमाप एकच, तेही पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून, सार्वजनिक नोंदणी करून ठेवायचं. नंतर दहा मोजमापांतलं जे बरं आलं तेवढंच पुढे करायची सोय उरत नाही. एवढं करूनही चुका होतात. पण निदान त्या दिसतात.

आता पालापाचोळ्याबद्दल. धान्य आणि भूस वेगळं झालं ते कुणीतरी पाखडलं म्हणून. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच, पण त्यातला मधला भाग सहसा कुणी सांगत नाही. हिवतापावरच्या औषधासाठी त्यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतून दोन हजारांवर पाठ (औषधांच्या कृती) गोळा केले, त्यांतले सुमारे ६४० निवडले आणि जवळपास २०० वनस्पतींचे ३८० हून जास्त अर्क उंदरांवर तपासले. बहुतेक फुकट गेले. छिंगहाओ या वनस्पतीचा अर्कसुद्धा एकदा लागू पडे, एकदा पडत नसे. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथातल्या एका ओळीवर त्यांची नजर थांबली: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा. उकळण्याचा उल्लेखच नाही. उष्णतेने गुण जात असेल, या अंदाजाने त्यांनी ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला आणि १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले हिवतापाचे परजीवी पूर्णपणे नाहीसे केले. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन हे औषध त्यातून आलं; २०१५ चं नोबेल फार नंतरचं. ग्रंथाने दिशा दिली हे खरं, पण त्याच परंपरेतले शेकडो पाठ तपासाअंती बाद झाले, हेही तितकंच खरं. मला दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना शिकवायच्या आहेत, आणि दुसरी जास्त.

कॉलेजातलं एक काम मात्र तुमच्या नजरेतून सुटलंय: ओळख पटवण्याचं. वर्ष दीड वर्षापूर्वीची गोष्ट. चाचणीसाठी अश्वगंधा मुळाचं चूर्ण आलं होतं, पुरवठादाराच्या प्रमाणपत्रासकट. माझ्या विद्यार्थिनीने चिमूटभर चूर्ण काचपट्टीवर घेतलं, पेशी स्पष्ट दिसाव्यात म्हणून क्लोरल हायड्रेट या रसायनाचे थेंब टाकून गरम केलं, वर कव्हर स्लिप ठेवली आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलंच नाही. मग म्हणाली, ‘मॅडम, मुळाला पर्णरंध्रं कशी?’ पर्णरंध्रं म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं; मुळाला ती नसतातच. चूर्णात पानं दळलेली होती. पानांतली रसायनं आणि त्यांचं प्रमाण मुळापेक्षा वेगळं. तो सगळा माल आम्ही परत केला, चाचणी तीन महिने लांबली. ती पट्टी पाहिली नसती, तर रुग्णांना एक देऊन दुसऱ्याच्या नावाने निष्कर्ष छापला असता.

हा किरकोळ काटेकोरपणा वाटत असेल, तर बेल्जियममध्ये १९९० नंतर काय झालं ते आठवा. वजन उतरवण्याच्या एका उपचारात स्टेफानिया या वनस्पतीऐवजी अॅरिस्टोलोकिया गेली. चिनी व्यापारी नावांत दोन्ही ‘फांगजी’च. अॅरिस्टोलोकियातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लाने कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर त्या बायका येतात.

प्लासिबोचा मुद्दा रास्त आहे, पण त्यात एक गल्लत झालीय. आपल्याकडच्या अभ्यासक्रमातला निसर्गोपचार मुळात औषधाविना: पाणी, माती, उपवास, आहार, व्यायाम. काढे-चूर्णं हा वेगळा प्रांत. काही देशांत दोन्ही एकाच नावाखाली चालतात, म्हणून घोटाळा होतो. कॅप्सूलला हुबेहूब खोटी कॅप्सूल करता येते. मातीची पट्टी रुग्णापासून लपवता येत नाही, हे मान्य. पण मोजणाऱ्यापासून लपवता येते. कुणाला काय मिळालं हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने मोजायचं, आणि दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ, तेवढीच विचारपूस मिळेल असा दुसरा उपचार द्यायचा. शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपीच्या चाचण्यांनाही हीच अडचण असते. म्हणून त्या कुणी बंद केल्या नाहीत.

फुकटच्या प्रतिष्ठेची भीती मलाही आहे. प्रवेशद्वारावर ‘संशोधन केंद्र’ अशी पाटी लावायची आणि आत जाहिरातीला लागणारे कागद छापायचे, असं होऊ शकतं, मी पाहिलंय. पण आपण तपासणं थांबवलं म्हणून लोक घेणं थांबवत नाहीत, आणि बहुतेक जण आपल्या डॉक्टरला सांगतही नाहीत. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेसाठी घेतली जाणारी वनस्पती. २००० साली निरोगी स्वयंसेवकांवर मोजलं तेव्हा तिच्यामुळे एचआयव्हीवरच्या इंडिनाविर या औषधाचं रक्तातलं एकूण प्रमाण सरासरी ५७ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. त्याच वर्षी झुरिकच्या डॉक्टरांनी हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली: हीच वनस्पती घेतल्याने शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाची रक्तातली पातळी उतरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. हे कळलं ते कुणीतरी मोजलं म्हणून. ‘सगळं थोतांड आहे’ म्हणून ज्याने पाठ फिरवली, त्याला ते कळलं नसतं.

आणि तुमचं आव्हान. जगातलं ठळक उदाहरण गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काचं. स्मृतिभ्रंश टळतो का, हे ३,०६९ वृद्धांवर, दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम देऊन, कित्येक वर्षं तपासलं; २००८ मध्ये निष्कर्ष आला, टळत नाही. पण तुम्ही प्रबंध मागितलाय. माझ्या मार्गदर्शनाखालचे असे दोन आहेत. दुसरा त्याच पर्णरंध्रं पकडणाऱ्या मुलीचा. तोंडी परीक्षेत तिला विचारलं गेलं, ‘मग या सगळ्यातून मिळालं काय?’ ती म्हणाली, ‘दोन गटांत फरक आढळला नाही, हे मिळालं.’ त्यावरचा लेख एका नियतकालिकाने ‘नवीन काही नाही’ म्हणून परत पाठवला. परवा ती तो पुन्हा घेऊन आली होती, दुसरीकडे पाठवायला. तक्ता क्रमांक तीनमधली एक बेरीज चुकली होती, ती आम्ही दुरुस्त केली.