सावकाश थंड केल्याने अवशिष्ट ताण नाहीसा होतो का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

आपण मुद्देसूद लिहिले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. अ‍ॅल्युमिना (एक सिरॅमिक) आणि स्टेनलेस स्टील यांच्या ब्रेझिंगमध्ये (मध्ये भरणधातू वितळवून दोन भाग सांधण्यात) मी तांब्याचा मधला थर सुचवला होता. त्यावर आपले म्हणणे असे, की भट्टी पुरेशी सावकाश थंड केल्यास अवशिष्ट ताण (थंड झाल्यावर सांध्यात अडकून राहणारा ताण) उरत नाही, मऊ तांब्यामुळे सांधा विनाकारण दुबळा होतो, आणि आपला नमुना सिरॅमिकमध्ये तुटला याचा अर्थ सांधा उत्तम होता, सिरॅमिकच निकृष्ट होते.

भराभर थंड केल्यास पृष्ठभाग आणि गाभा यांच्या तापमानात जो फरक पडतो, त्यातून येणारा ताण सावकाश थंड केल्याने टळतो, हे मान्य. मात्र येथील मुख्य ताण प्रसरणाच्या फरकातून येतो आणि संपूर्ण सांधा प्रत्येक क्षणी एकाच तापमानाला असला तरी तो निर्माण होतोच. भरणधातू म्हणून वापरला जाणारा चांदी-तांब्याचा मिश्रधातू सुमारे ७८० अंश सेल्सिअसला गोठतो. तेथून खोलीच्या तापमानापर्यंत येताना २० मिलिमीटर रुंदीचे स्टेनलेस स्टील तेवढ्याच अ‍ॅल्युमिनापेक्षा ढोबळमानाने ०.१४ मिलिमीटर अधिक आकसू पाहते, आणि हा आकडा थंड होण्यास एक तास लागला की एक दिवस, यावर अवलंबून नाही. उच्च तापमानाला मिश्रधातू हळूहळू सरकतो (विसर्पण होते), त्यामुळे सावकाशीचा थोडा लाभ मिळतो. पण तापमान उतरले की तेही थांबते.

तांब्याविषयीची शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. तांब्याचा प्रसरण गुणांक (दर अंशाला होणाऱ्या प्रसरणाचे प्रमाण) स्टेनलेस स्टीलच्या जवळपास आहे, म्हणजे प्रसरण जुळवण्याच्या दृष्टीने त्याचा काहीच उपयोग नाही. त्याचे काम वेगळे: मऊ केलेले तांबे १०० मेगापास्कल ताणाच्याही आत कायमचे वाकू लागते, आणि ते वाकल्यामुळे सिरॅमिकपर्यंत पोहोचणाऱ्या ताणाला मर्यादा पडते. भरणधातू जितका बळकट, तितका तो सगळा भार सिरॅमिककडे ढकलतो. प्रसरण जुळवायचेच असेल तर मॉलिब्डेनम आहे. कोव्हार या लोह-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूचाही पर्याय सुचवला जातो, पण त्याचे कमी प्रसरण सुमारे ४३५ अंशांपर्यंतच टिकते, त्यापुढे ते झपाट्याने वाढते.

आता तुटण्याविषयी. सिरॅमिक दाब उत्तम सोसते, खेच मात्र फारच कमी. आणि धातू अधिक आकसल्यावर सांध्याच्या मोकळ्या कडेपाशी, सीमेपासून किंचित आत, सिरॅमिकमध्ये नेमकी खेच निर्माण होते. तडा तेथून सुरू होऊन आत वळतो आणि धातूवर सिरॅमिकचा घुमटासारखा तुकडा चिकटून राहतो. आपल्या नमुन्याचा तुटका भाग तसा दिसत असेल, तर सिरॅमिकला दोष देण्यापूर्वी स्टीलची जाडी पाहावी. पातळ कड स्वतः वाकून ताण सोडते, जाड पट्टी तसे करू शकत नाही. आपण ती जाडी प्रतिक्रियेत दिलेली नाही. ती आणि तुटलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र कळवल्यास तांब्याचा थर किती जाड घ्यावा याविषयी नेमके बोलता येईल.