रेन ट्रीची पानं फोटोशॉपने नाही मिटली

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. दोन फोटो शेजारी शेजारी: चौकातलं एकच झाड, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. खाली मजकूर असा की रात्रीचे सुंदर फोटो म्हणजे शुद्ध फसवणूक, जे डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेऱ्याला कुठून दिसणार? पुरावे सहा. झाडाची पानं कमी केलीत, आकाश रंगवलंय, रस्त्यावरची माणसं पुसलीत, दिव्यांना चांदण्या चिकटवल्यात, चांदण्यातलं झाड हिरवंगार दाखवलंय आणि मोबाइलचा नाइट मोड तर चित्र स्वतःच काढतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी हा टाकला आणि खाली मला टॅग करून लिहिलं, "तुम्ही काढता ना रात्रीचे? मग बोला." बारा वर्षं ट्रायपॉड खांद्यावर टाकून पुण्यात रात्री-अपरात्री हिंडतोय, त्यामुळे बोलणं आलंच.

पानांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला मनापासून आवडला. फोटोतलं झाड रेन ट्री आहे. कुणी त्याला वर्षावृक्ष म्हणतं, कुणी विलायती शिरीष. दुपारी छत्रीसारखा भरगच्च पसारा, रात्री फांद्यांमधून आरपार आकाश. मेसेज लिहिणाऱ्याने नीट बघितलंय, त्याचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. फक्त पानं कुणी कमी केली नाहीत, झाडाने स्वतःच मिटली. रेन ट्रीच्या प्रत्येक पर्णिकेच्या, म्हणजे पानातल्या इवल्या पानाच्या, बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी कमी झालं आणि दुसऱ्या बाजूचं वाढलं की पर्णिका वळते आणि समोरच्या जोडीदारणीला जाऊन मिळते. लाजाळूला बोट लावल्यावर जे झटकन होतं तेच इथे अंधार पडताना सावकाश होतं, आणि आभाळ फार भरून आलं तर दिवसाही. चिंचही हेच करते. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नको, ते झोपलंय, असं आज्या सांगायच्या. निदान या दोन झाडांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे.

एकदा मी हे मुद्दाम टिपलं. संध्याकाळी सव्वासहाला कॅमेरा रोवला आणि साडेसातपर्यंत दर पाच मिनिटांनी एक फोटो. पहिल्या फोटोत झाडामागच्या इमारतीचा तिसरा मजला पूर्ण झाकलेला आहे. शेवटच्या फोटोत त्या मजल्याच्या तीन खिडक्या दिसतात आणि गजांवर वाळत घातलेला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेलही. त्या घरातल्यांनी हा फोटो बघितला असता तर त्यांनाही मी फोटोशॉपवाला वाटलो असतो.

पिंपळाची तऱ्हा वेगळी. त्याच्या पानाचा देठ लांब आणि बारीक, त्यामुळे वड शेजारी ढिम्म उभा असतानाही पिंपळ सळसळत असतो. दहा सेकंद शटर उघडं ठेवलं तर वडाचं पान न् पान रेखीव येतं आणि पिंपळाचा नुसता धूर होतो. तो 'पुसलेला' भाग वाऱ्याचा.

आता मूळ प्रश्न: डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेऱ्याला कसं दिसतं? डोळा प्रकाश साठवत नाही. साधारण सेकंदाचा दहावा भाग जमवतो आणि पुढच्या चित्राला लागतो. कॅमेऱ्याचं शटर तीस सेकंद उघडं राहिलं तर तीस सेकंदांचा प्रकाश एकाच चित्रात उतरतो. आमच्या भागातला नळ करंगळीएवढा येतो, पण बादली भरतेच की.

माणसं गायब होतात तीही याच हिशोबाने. झेड ब्रिजवर कुणी साध्या चालीने चाललं असेल तर एका जागेवर ते जेमतेम अर्धा सेकंद असतं. तीस सेकंदांच्या फोटोत म्हणजे साठावा हिस्सा. मागच्या कठड्याचा प्रकाश त्याच जागी उरलेला सगळा वेळ पडत राहतो आणि माणूस त्यात विरून जातो. कठड्याला टेकून कणीस खाणारं जोडपं मात्र व्यवस्थित उमटतं. मध्येच उठून गेलं तर अर्धवट, भुतासारखं. गाड्या जातात पण त्यांचे दिवे प्रखर असल्याने रेघा उरतात, येणाऱ्यांच्या पांढऱ्या आणि जाणाऱ्यांच्या लाल. झेड ब्रिजवर फक्त दुचाक्या, म्हणून तिथल्या रेघा शेवयांसारख्या बारीक येतात. (बुलेट गेली की पूल थरथरतो, ट्रायपॉडही थरथरतो आणि दिव्यांच्या कडा दुहेरी येतात. असले माझे फोटो ढिगाने आहेत. कुणाला खोटेपणाचा पुरावा हवा असेल तर निदान खाडाखोड न केल्याचा हा पुरावा घ्या.)

आकाश रंगवलंय म्हणे. शहराच्या आकाशाला रात्री स्वतःचा असा रंग फारसा नसतोच, खालचे दिवे ढगांवर आणि धुळीवर पडून परत येतात. सोडियमचे जुने दिवे नारिंगी. त्यांच्याखाली उभं राहिलं की आपला मेंदू पाच मिनिटांत त्या रंगाला सरावतो आणि पांढरा शर्ट पांढराच मानून चालतो. कॅमेरा असली भीड ठेवत नाही. म्हणून जुलैतल्या ढगाळ रात्री काढलेले माझे जुने फोटो गाजरहलव्याच्या रंगाचे आहेत आणि एलईडी आल्यानंतरचे त्याच गच्चीवरून काढलेले फोटो राखाडी, किंचित निळसर. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा राणीच्या हाराची रया गेली म्हणून मुंबईकरांनी केवढी ओरड केली होती. रंग दिव्याचा असतो हे तेव्हा सगळ्यांना कळत होतं.

आणि गडद निळं आकाश? ते तर कॅमेरा नसलेल्यालाही दिसतं, फक्त वेळेवर बाहेर यावं लागतं. सूर्यास्तानंतर साधारण पंचवीस मिनिटांनी सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर पोचतो, त्याच्या आगेमागे आकाशाची निळाई आणि रस्त्यावरचे दिवे तोडीस तोड असतात. युरोपातले लोक याला 'ब्लू अवर' म्हणतात. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे अवर वगैरे काही नाही, पंधरा-वीस मिनिटांत खेळ खलास. ट्रायपॉडचा पाय अडकला तर तेवढ्यात संपतो. ज्यांचं आकाश कायमच जांभळं असतं त्यांची वकिली मात्र मी करणार नाही. ते एडिटिंगमध्ये रंगाचा स्लायडर ओढतात.

दिव्यांच्या चांदण्यांवर फार बोलायला नको. लेन्सचं छिद्र एफ १६ पर्यंत बारीक केलं की ते गोल न राहता पात्यांचं बहुकोनी होतं आणि त्याच्या कडांवरून प्रकाश फाकतो. पाती आठ असली तर किरण आठ, सात असली तर चौदा. मोजून बघा, एका लेन्सने काढलेल्या सगळ्या फोटोंत आकडा तोच येईल. मोबाइलच्या फोटोत दिव्यातून एकच लांबलचक पट्टा निघत असेल तर तो बोटाच्या तेलाचा. लेन्स सदऱ्याला पुसा.

चांदण्यातलं हिरवं झाड लोकांना सगळ्यात खोटं वाटतं आणि मला ते सगळ्यात खरं वाटतं. चंद्राचा प्रकाश म्हणजे उसना सूर्यप्रकाशच, पौर्णिमेला उन्हाच्या सुमारे चार लाख पट कमी. एवढ्या अंधारात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास बंद पडतात आणि ज्या चालू राहतात त्यांना रंग कळत नाही, म्हणून चांदणं आपल्याला रुपेरी-निळं भासतं. पान हिरवंच असतं. हिशोब करा: एफ २.८ (लेन्सचं छिद्र मोठं उघडलेलं), आयएसओ १६०० (सेन्सरची संवेदनशीलता वाढवलेली), शटर आठ सेकंद. एवढ्यात भरदुपारइतका उजळ फोटो येतो. वेल्ह्याकडे एका पौर्णिमेला असा आंबा टिपला. घरी दाखवला तर बायको म्हणाली, "हा दुपारचा आहे." मग तिला फांद्यांमधले तारे दाखवले.

राहिला नाइट मोड. इथे मेसेजचं थोडं ऐकावं लागेल. मुळात ही युक्ती सरळ आहे: फोन एका पाठोपाठ अनेक फोटो घेतो, हाताच्या हलण्याने सरकलेले ते एकमेकांवर बसवतो आणि सरासरी काढतो. अंधारातले रवाळ ठिपके दर फोटोत वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे नऊ फोटोंच्या सरासरीत ते एक तृतीयांशावर येतात. गूगलने २०१८ मध्ये आपल्या पिक्सेल फोनवर नाइट साइट नावाचा नाइट मोड आणला ते याच तत्त्वावर. यात चित्र 'काढणं' नाही. पण २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्र संगणकाच्या पडद्यावर लावला, सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो घेतला आणि त्यात पडद्यावरच्या चंद्रात नसलेले खड्डे उमटले. कंपनीनेही मग सांगितलं की चंद्र ओळखून त्याचे तपशील वाढवले जातात. तेव्हा फोनमधल्या चंद्रापुरता काकांचा मुद्दा मान्य.

देवळाच्या कळसामागे टपोरा चंद्र दिसला म्हणून लगेच खोटं म्हणू नका. दहा मीटरचा कळस अकराशे मीटरवरून लांब लेन्सने टिपला की तो चंद्राएवढाच भरतो. पण चंद्रकोरीच्या काळ्या पोटात एखादी चांदणी लुकलुकताना दिसली तर तो फोटो खुशाल ग्रुपवर हाणून पाडा, मी अनुमोदन देईन. ती काळी बाजू म्हणजेही चंद्रच आहे, भोक नाही.