‘जर्नल बंद करा आणि खुशाल वायर उपटा’: या सल्ल्यानेच कार्डं जातात

मेमरी कार्डावर लिनक्स चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘कार्ड बिघडतं ते लिहून लिहून झिजल्यामुळे. ईएक्सटी४ चं जर्नल बंद करा, नोएटाइम लावा, भारीतलं कार्ड घ्या. मग खुशाल वायर उपटा, काही होत नाही.’ (ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याची पद्धत. जर्नल म्हणजे तिच्यातल्या बदलांची आधी केलेली नोंद. नोएटाइम म्हणजे फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणं.) नवखा माणूस यावर विसंबतो आणि एके दिवशी त्याचा रास्पबेरी पाय (कार्डावरून चालणारा छोटा संगणक, थोडक्यात ‘पाय’) बूटच होत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी झीज. फ्लॅश झिजतो हे खरंच आहे. पण माझ्याकडे ‘मेलं’ म्हणून आलेल्या कार्डांपैकी बरीचशी सिस्टिमची नवीन इमेज (तयार प्रत) टाकल्यावर पुन्हा ठणठणीत चालली. झिजून संपलेलं कार्ड असं उठून बसत नाही. तिथे फाइल सिस्टिम गेलेली होती, आणि ती गेली लिहिणं चालू असताना वीज तुटल्यामुळे.

हे आतून समजून घेण्यासारखं आहे. फ्लॅशवर आहे त्याच जागी पुन्हा लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. पुसण्याचा ब्लॉक फाइल सिस्टिमच्या ४ केबीच्या ब्लॉकपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे तुम्ही लॉगमध्ये एक ओळ टाकली, तरी कार्डातला कंट्रोलर शेजारचा जुना डेटाही उचलून दुसरीकडे मांडू शकतो आणि कुठे काय ठेवलंय याचा आपला तक्ता बदलतो. नेमकी तेव्हा वीज गेली, तर लिहीत असलेल्या फाइलचंच नुकसान होईल असं नाही. माझा एक पाय दर मिनिटाला तापमानाची एक ओळ नोंदवायचा. वीज गेली, परत आली. नोंदींची फाइल शाबूत होती, पण स्क्रिप्ट सुरू होईना: ‘इन्व्हॅलिड ईएलएफ हेडर’, म्हणजे प्रोग्रामला लागणारी एक फाइलच बिघडलेली. जी लायब्ररी बिघडली होती, तिला इन्स्टॉल केल्यापासून कुणी हात लावला नव्हता.

आता जर्नल. ते बंद करणं म्हणजे लिहिणं थोडं वाचवण्यासाठी आधारच काढून टाकणं. जर्नल असेल तर अर्धवट राहिलेला बदल बूट होताना पुरा होतो किंवा सोडून दिला जातो. नसेल तर एफएससीके या तपासणी प्रोग्रामला सगळी फाइल सिस्टिम चाळून अंदाज बांधावे लागतात, आणि तुमच्या फाइली नाव हरवून ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये जाऊन पडतात. पण ‘जर्नल आहे, मग काय भीती’ असं म्हणणारेही चुकतात. ईएक्सटी४ च्या नेहमीच्या मोडमध्ये जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा (फाइलींची नावं, जागा वगैरे माहिती) जातो, आणि तो साधारण दर ५ सेकंदांनी पक्का होतो. फाइलचा मजकूर सुमारे ३० सेकंदही रॅममध्ये थांबू शकतो. शिवाय कार्ड ‘लिहिलं’ म्हणतं तेव्हा त्याने खरंच लिहिलंय, हे जर्नल गृहीतच धरतं. पायचं बूट पार्टिशन तर फॅट या साध्या फाइल सिस्टिमचं, तिथे जर्नल नाहीच.

नोएटाइम लावायला हरकत नाही. पण २००९ मधल्या २.६.३० कर्नलपासून रिलेटाइम (वाचल्याची वेळ क्वचितच नोंदवणारा पर्याय) आपोआप लागू असतं, त्यामुळे फरक किरकोळ.

भारीतलं कार्ड जास्त वेळा लिहू देतं, मधेच वीज तुटली तर डेटा सांभाळेल याची हमी देत नाही. कार्ड नकली तर नाही ना, हे मात्र एफ३ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने तपासून घ्या. क्षमतेबद्दल खोटं बोलणारं कार्ड कुठल्याच उपायाने वाचत नाही.

या सल्ल्यात ज्याचं नावही नसतं ते म्हणजे पॉवर सप्लाय. लांब, बारीक चार्जिंग केबलमध्ये व्होल्टेज पडतं. ते साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय त्याची नोंद ठेवतो. व्हीसीजेनसीएमडी या पायच्या कमांडला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारा. उत्तर ०एक्स५०००० आलं, तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि प्रोसेसरचा वेगही कमी केला गेला होता. वायर कुणी उपटली नाही तरी कार्ड धोक्यात आहे. आधी केबल आणि अडॅप्टर बदला.

खरा उपाय एकच: वीज जाईल तेव्हा कार्डावर लिहिणं चालू नसावं. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, तिथेच बूट पार्टिशनही रीड-ओन्ली करा. मग रूटवर (मुख्य पार्टिशनवर) होणारे सगळे बदल रॅममध्ये राहतात आणि रीस्टार्टला पुसले जातात. अपडेटसाठी ओव्हरले काढायचं, रीस्टार्ट, अपडेट, पुन्हा लावायचं, पुन्हा रीस्टार्ट. कंटाळवाणं आहे, तरी करा. जीपीआयओ-शटडाउन ओव्हरले (नाव सारखं, पण ही वेगळी, हार्डवेअरची सेटिंग) लावून पायच्या पिन ५ आणि ६ मध्ये एक बटण जोडलं, तर स्क्रीन नसतानाही यंत्र नीट बंद करता येतं.

राखायच्या नोंदींसाठी त्याच कार्डावर वेगळं पार्टिशन करा, असं काही जण सुचवतात. पण कंट्रोलरला तुमची पार्टिशनं दिसत नाहीत, शेजारच्या डेटाचा धोका तसाच राहतो. माझ्या तापमानाच्या नोंदी आता यूएसबी ड्राइव्हवर जातात. ती बिघडली तर नोंदी जातील, पण पाय बूट होईल.