भाव पडले नाहीत म्हणता, पण घरं विकली जातायत का?

सकाळपासून जो तो एकच व्हिडिओ पुढे पाठवतोय. एक गृहस्थ ठासून सांगतायत, “मंदी असली तरी घरांचे भाव पडलेले नाहीत. विकायची घाई करू नका. थांबा, हवा तो भाव मिळेल.” खाली अंगठ्यांची रांग. हे ऐकून आज कुठेतरी कुणीतरी दारात आलेलं चांगलं गिऱ्हाईक परत पाठवणार आहे. माझा संताप त्याचा आहे.

भाव पडलेले नाहीत, हे खोटं नाही. पण मंदीत भाव आधी पडतच नाहीत. आधी सौदे पडतात. शेअर विकायचा तर समोर दिसेल त्या भावाला विकावा लागतो. घराचा मालक मात्र मनासारखा आकडा आला नाही की पाटी उतरवतो आणि त्याच घरात राहत राहतो. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने जे थोडेफार सौदे होतात ते जुन्या भावाच्या आसपास होतात, आणि जे फिसकटतात त्यांची नोंद कुठेच होत नाही. अमेरिकेत जुन्या घरांची विक्री शिखरावर होती २००५ मध्ये. भाव मात्र २००६ पर्यंत चढत राहिले. मग जी उतरण लागली ती २०१२ पर्यंत, देशभरात मिळून साधारण २७ टक्के. २००५ च्या अखेरीला “कुठे पडलेत भाव?” असं विचारणाऱ्याची माहिती बरोबर होती, पण तो पाहत होता भलत्याच आकड्याकडे.

माझ्या ओळखीचे एक काका-काकू आहेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही, काकूंचे गुडघे गेलेले. तळमजल्यावरचं लहान घर घ्यायचं म्हणून राहतं घर विकायला काढलं. वर्षभरापूर्वी त्याच इमारतीतलं एक घर ज्या भावाला गेलं होतं, तो आकडा काकांच्या डोक्यात पक्का बसलेला. त्याला आपण १०० म्हणू. त्यांनी लावले १०८, कारण “घासाघीस होणारच”. तिसऱ्या आठवड्यात एक कुटुंब आलं, कर्ज आधीच मंजूर, ९४ ला तयार. काका इतके दुखावले की चहाही विचारला नाही. १४ महिन्यांनी तेच घर ८३ ला गेलं.

त्या तिसऱ्या आठवड्यात काय बघायला हवं होतं? पहिलं म्हणजे साठा. आपल्या भागात आपल्यासारखी, म्हणजे तेवढ्याच खोल्यांची आणि साधारण तेवढ्याच वयाची, किती घरं विकायला आहेत ते मोजायचं. महिन्याला त्यातली प्रत्यक्षात किती जातात त्याने भागायचं. ३६ घरं आणि महिन्याला ४ सौदे, म्हणजे ९ महिन्यांचा साठा. सहा महिन्यांच्या आसपास असेल तर बाजार समतोल मानतात. त्याच्या वर गेला की भाव ठरवणारा घेणारा असतो, तुम्ही नाही. पण नुसता आजचा आकडा पुरत नाही. तीन महिन्यांपूर्वी ६ होता आणि आज ९ आहे, ही चाल महत्त्वाची. दुसरं, लागलेल्या जाहिरातींपैकी किती जणांनी किंमत उतरवलीय, किती जणांनी जाहिरात काढून तीच पुन्हा नवी म्हणून टाकलीय. जुने फोटो ओळखता येतात. ही पाहणी शनिवार-रविवारच्या दोन दुपारींत होते, त्याला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

घरांच्या भावांचे जे निर्देशांक छापून येतात, त्यांवर किती विसंबायचं? बेताने. अमेरिकेतला केस-शिलर निर्देशांक घ्या. एकच घर पुन्हा विकलं गेलं की दोन विक्रींच्या किमती ताडून तो काढतात, म्हणून तो बराच विश्वासाचा. पण तोही तीन महिन्यांची सरासरी असतो आणि सुमारे दोन महिने उशिरा येतो. त्यातल्या किमतीसुद्धा नोंदणीच्या दिवसाच्या. भाव ठरलेला असतो त्याच्याही आधी. म्हणजे आजचा निर्देशांक तुम्हाला जवळपास अर्ध्या वर्षापूर्वीचं हस्तांदोलन दाखवतो. साध्या सरासरीचं तर विचारूच नका. मंदीत लहान घरं घेणारे नोकरीच्या धास्तीने आधी थांबतात, मोठ्या घरांचे पैसेवाले घेणारे थोडे उशिरा. मग झालेल्या सौद्यांत मोठ्या घरांचं प्रमाण वाढतं आणि एकाही घराचा भाव न वाढता सरासरी वर जाते. लगेच बातमी येते, “घरं महागली.”

आणि नव्या घरांचे भाव जागेवर दिसतात, त्याचंही गुपित काही नाही. बिल्डर दरपत्रकावरचा आकडा उतरवत नाही, कारण उतरवला तर आधी घेतलेले लोक भांडायला येतात. तो नोंदणीचा खर्च उचलतो, स्वयंपाकघर करून देतो, ताबा मिळेपर्यंतचे हप्ते भरतो. ही सगळी सूट धरली तर भाव उतरलेलाच असतो. त्या दरपत्रकावरच्या आकड्याशी आपल्या जुन्या घराची तुलना करणाऱ्या माणसाला कुणीतरी हे सांगायला हवं ना! तो व्हिडिओवाला सांगणार नाही.

काकांच्या १०८ कडे परत येऊ, कारण खरी चूक तिथे झाली. घर पहिल्यांदा विकायला निघतं तेव्हा त्या भागात आधीपासून शोधत असलेली सगळी माणसं ते एकदम बघतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांतच सगळ्यात गंभीर गिऱ्हाईकं येऊन जातात. त्यानंतर फक्त नव्याने शोधायला लागलेले उरतात, रोज थोडे थोडे. लोक शोधताना कमाल किंमत टाकून शोधतात. १०० पर्यंतचं घर शोधणाऱ्याला १०८ चं घर दिसतच नाही, मग घासाघीस करायला तो येणार कुठून? ज्यांना दिसतं ते १०८ मध्ये मिळणाऱ्या याहून चांगल्या घरांशी तुलना करतात. आपलं घर दुसऱ्यांची घरं स्वस्त वाटावीत म्हणून लावल्यासारखं होतं. आणि सहा महिने पडून राहिलं की प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, “यात काही गडबड आहे का?”

काकांनी मग दर दोन महिन्यांनी थोडं थोडं उतरवलं. १०८, १०५, १०२, ९९. बाजार त्यांच्या पुढे उतरत होता. प्रत्येक वेळी ते दोन महिन्यांपूर्वी चाललं असतं त्या भावावर पोचत होते. उतरत्या बाजारात अशी तीन-तीन टक्क्यांची कपात कुणाच्या नजरेतही भरत नाही. उतरवायचं तर एकदाच, पाच-सहा टक्के, बाजाराच्या थोडं खाली जाऊन.

भाव लावायची पद्धत अवघड नाही. गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष झालेले सौदे घ्या, वर्षापूर्वीचे नाही, आणि शेजाऱ्याने सांगितलेले तर नाहीच. मजला, उजेड, गाडीची जागा, घराची अवस्था यांसाठी कमी-जास्त करा. साठा वाढत असेल तर दोन-तीन टक्के आणखी खाली या. घर लावायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: मागायची किंमत, ज्याच्या खाली जायचं नाही तो आकडा, आणि गिऱ्हाईक नाही आलं तर किंमत उतरवायची तारीख. नंतर मन कच्चं होतं, म्हणून आधी. बघायला कुणीच येत नसेल तर किंमत किंवा फोटो चुकलेत. दहा जण येऊन गेले आणि एकानेही आकडा सांगितला नाही, तर दाखवण्यात खोट नाही, किंमत जास्त आहे. मंदीत खर्च करायचा तो गळती, ओल, बिघडलेले नळ आणि रंग यांवर. नवी फरशी, नवं स्वयंपाकघर यांचे पैसे वसूल होत नाहीत. ओल दिसली की घेणारा दुरुस्तीच्या खर्चाहून बरंच जास्त मनातून वजा करतो.

आता कबूल करायच्या गोष्टी. दलाल भाव उतरवायला सांगतो त्यात त्याचा स्वार्थ असतो, हे खरं. १०० चं घर पाच टक्के स्वस्त गेलं तर तुमचे पाच जातात, दोन टक्के दलालीवाल्याचे जातात फक्त ०.१. शिकागो परिसरातल्या विक्रींवर झालेल्या एका अभ्यासात दलालांची स्वतःची घरं सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबून साधारण ३.७ टक्के जास्त भावाला गेलेली दिसली. तेव्हा त्याचं ऐका, पण झालेल्या सौद्यांची यादी मागून मगच ऐका. दुसरं, ज्याच्यावर कर्ज नाही, जो त्याच घरात सुखाने राहतोय आणि ज्याला कुठे जायचं नाही, त्याने नाही विकलं तरी चालेल. पण मग जाहिरात पूर्ण काढा. फुगवलेला भाव लावून वर्षभर लटकवत ठेवू नका.

बाकीच्यांना थांबण्याची किंमत मोजावी लागते. रिकामं घर, भाव १००, कर्ज ६० शिल्लक, व्याज ९ टक्के: वर्षाला ५.४. स्वतःचे ४० अडकलेले, ते दुसरीकडे ७ टक्क्यांनी असते तर २.८. कर आणि देखभाल धरून १. झाले ९.२. म्हणजे महिन्याला पाऊण टक्क्याहून जास्त, भाव तसूभर न पडताही. पाच टक्के जास्त मिळवायला आठ महिने थांबलात तर ते पाच कधीच संपले. आणि “भाव परत येतील” म्हणणाऱ्यांनी किती वर्षांत तेही सांगावं. अमेरिकेच्या देशपातळीच्या निर्देशांकाला २००६ चं शिखर पुन्हा गाठायला २०१६ उजाडलं. आयर्लंडमध्ये २००७ ते २०१३ मध्ये भाव निम्म्याहून खाली आले. जपानमध्ये १९९१ नंतर मोठ्या शहरांतल्या जमिनींचे भाव दशकाहून जास्त काळ उतरतच राहिले. आकडा तोच राहिला तरी पाच टक्के महागाईत पाच वर्षांनी त्या पैशाची ताकद २२ टक्क्यांनी घटलेली असते.

व्याजदराकडे तर विकणारे ढुंकूनही बघत नाहीत. घेणारा हप्ता परवडतो का ते बघतो. २० वर्षांच्या कर्जाचा दर ७ वरून ९ टक्के झाला, तर तेवढ्याच हप्त्यात बसणारं कर्ज सुमारे १४ टक्क्यांनी लहान होतं. तो माणूस ९४ म्हणतो तेव्हा तुमच्या घराचा अपमान करत नसतो, त्याच्या बँकेने सांगितलेलं सांगत असतो. सौदे मोडतात तेही बऱ्याचदा इथेच. ९६ ला भाव ठरला, बँकेच्या मूल्यमापकाने घर ९० चं धरलं, कर्ज ८० टक्के. कर्ज मिळणार ७६.८ नाही, ७२. घेणाऱ्याला खिशातून १९.२ ऐवजी २४ काढावे लागतात, आणि ते नसतात. म्हणून आकड्याच्या आधी विचारा: कर्ज मंजूर आहे का, किती? स्वतःचं घर विकून मग घेणार आहात का? ताबा कधी हवा? आधी स्वतःचं घर विकणाऱ्याच्या ९७ पेक्षा मंजूर कर्जवाल्याचे ९४ जास्त मोलाचे. आपलीही मालकीची सगळी कागदपत्रं, कराच्या पावत्या, कर्जबाकीचं पत्र पहिल्या दिवशी तयार हवं. कागदासाठी तीन आठवडे गेले की मंदीतलं गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं.

एवढा राग काढला, पण काकांवर माझा राग नाही. त्या घरात मुलं वाढली. ९४ ऐकताना त्यांना सहा गेल्याचं दुःख झालं, आणि गेल्याचं दुःख मिळाल्याच्या आनंदाहून मोठं असतं, बहुतेकांना. फक्त तेव्हा कुणीतरी शेजारी बसून हिशेब मांडायला हवा होता. १०० चं घर विकून ६० चं घ्यायचं, हातात राहणार ४०. दोन्ही भाव सहा टक्क्यांनी उतरले तर ९४ मधून ५६.४ गेले, हातात ३७.६. खरं नुकसान सहाचं नाही, २.४ चं. मोठं घर घेणाऱ्याचा तर मंदीत फायदाच: १०० वर १० सोडले, १५० वर १५ वाचले. आणि त्या १४ महिन्यांत काकू रोज तीन जिने चढत-उतरत होत्या, ते या हिशेबात धरलेलंच नाही.

तुमच्या घरात कुणी सध्या घर विकत असेल, तर त्यांना एवढंच सांगा की कमी आकडा आला तर “नाही” म्हणून दार लावू नका. दुसऱ्या दिवशी उलट आकडा द्या, लेखी, मुदत घालून. आकडा जुळत नसेल तर ताबा लवकर द्या, पंखे-कपाटं सोडा, विसाराची रक्कम थोडी जास्त मागा. ९४ म्हणणारा ९६ पर्यंत येतो की नाही ते त्याच आठवड्यात कळतं. आणि नाहीच आला, तर रात्री ९४ चा हिशेब पुन्हा एकदा मांडा, पुढचं घर धरून.